हरवलेल्याकडे सफरचंदं न्यायची नाहीत

माणूस हरवला की कुणीतरी उठून त्याला शोधायला जावं लागतं, आणि जो उठतो तोच खरा व्यवस्थापक. मनुष्यबळ व्यवस्थापनाचं सगळं शास्त्र इथे सुरू होतं आणि इथेच संपतं, असं प्राध्यापक डॉक्टर देवव्रत आप्पाजी रणभिसे यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बंगळूरमधल्या बहुतेक सगळ्या मोठ्या सभागृहांत मांडलं होतं आणि एकदा सिंगापूरलाही. मंगळवारी सकाळी ते स्वतः हरवले तेव्हा येलहंक्यातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसलेले होते, अंगात पायजमा होता आणि समोर पोहे होते.

हरवण्याचं कारण तसं क्षुल्लक होतं. सोमवारी चहाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये पुष्कर भेटला. पुष्कर म्हणजे डिपार्टमेंटचा नवा हेड. पुण्याचा, चाळिशीच्या आतला, चालताना बोलणारा आणि बोलताना चालणारा. दोन वर्षांपूर्वी देवव्रतने हेडची खुर्ची स्वतःहून सोडली होती आणि पुष्करचं नाव स्वतःच सुचवलं होतं, त्यामुळे पुष्करच्या प्रगतीकडे तो आपल्या हातच्या रोपाकडे पाहावं तसा पाहत असे. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत कोण कोण बोलणार, हे पुष्कर उत्साहाने सांगत होता. दिल्लीचे कुणी, हैदराबादचे कुणी. देवव्रतने सहज, म्हणजे बराच वेळ थांबून मग सहज, विचारलं, "आणि मी?" "तुम्ही काय सर," पुष्कर हसून म्हणाला, "तुम्ही असताच की!" आणि लिफ्टमध्ये शिरला. वाक्यात अपमान नव्हता. देवव्रतने ते घरी येईपर्यंत सगळ्या बाजूंनी तपासलं, विमानदलाच्या तळाच्या भिंतीलगत गाडी अडकली तेव्हा तर फारच सवडीने तपासलं. प्रेम होतं, आदर होता, गृहीत धरणंही आपुलकीचंच होतं. पण असं वाक्य माणूस जिन्याबद्दल बोलतो. पंख्याबद्दल बोलतो. रात्री कूस बदलताना त्याला वाटलं, आपण जिना असू तर आपण उद्या सकाळी तिथे नसल्यावर वरच्या मजल्यावर जाणाऱ्याला ते कळायला हवं. आणि सकाळी तो गेला नाही. रजा टाकली नाही, कुणाला कळवलं नाही. बाकी सगळं आपोआप व्हायचं होतं, कारण तशी पॉलिसी होती आणि ती त्याचीच होती.

कागदावर तिचं नाव 'अनुपस्थित सहकारी गृहभेट धोरण' असं होतं, पण कॉलेजात ट्रस्टींपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला मेंढरू म्हणत. 'आज दुपारी मेंढरू आहे, गाडी लागेल.' 'मागच्या मेंढराच्या वेळी फार ऊन होतं हो.' नियम सोपे होते. न कळवता कुणी गैरहजर राहिलं, तर तिसऱ्या दिवशी हेडने उठून त्याच्या घरी जायचं. तिसऱ्याच का, असं ट्रस्टच्या बैठकीत विचारलं गेलं तेव्हा देवव्रत नुसता हसला होता. टेबलाभोवतीच्या एकमेव दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला तिसऱ्या दिवशी थडग्यातून उठलेला ख्रिस्त आठवला, आणि बाकीच्यांना, दोन दिवस साधा तापही असू शकतो, हे पटलं. फोन करायचा नाही. मेंढपाळ रानात गेला होता, त्याने मिस्ड कॉल दिला नव्हता. हातात फाईल न्यायची नाही. चहा होईपर्यंत रजेचा विषय काढायचा नाही. फळं न्यायची, पण सफरचंदं न्यायची नाहीत. सफरचंदं दिसली की धडधाकट माणूससुद्धा उशीला टेकून बसतो, शिवाय आदम-हव्वेपासून त्या फळाचा पूर्वेतिहास चांगला नाही. मोसंबी न्यावीत. या सफरचंदाच्या कलमावर व्याख्यानांत हमखास हशा पिकायचा आणि हशा ओसरता ओसरता देवव्रत आवाज खाली आणून दाखला सांगायचा: शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलेलं, नव्व्याण्णव रानात सोडून निघालेला तो वेडा मेंढपाळ. लोक नोकऱ्या का सोडतात यावर जगभर आलेख काढले जात होते. त्या आलेखांत मेंढपाळ घालणारा भारतातला पहिला माणूस आपण, हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांनाही ठाऊक असावं याची तो काळजी घेत असे. कॉलेजचा ट्रस्ट बिल्डरांचा. त्यांना ख्रिस्ताशी काही देणंघेणं नव्हतं, पण मेंढरू त्यांना आवडलं. गेलेला माणूस परत आणणं नवा शोधण्यापेक्षा सोपं, हे त्यांनी दाखल्यातून अचूक उचललं, आणि देवव्रतने ते चालवून घेतलं. बी कोणत्या जमिनीवर पडतंय हे पेरणाऱ्याने फार बघू नये.

"कॉलेजला जात नाहीसा?" त्याच्या बायकोने, चंदनाने, पोह्यांच्या बशीकडे पाहत विचारलं. तीस वर्षं बंगळुरात नर्सची नोकरी करून निवृत्त झाली तरी तिच्या बोलण्यातलं बेळगाव गेलं नव्हतं, आणि रोग ओळखायला तिला फार प्रश्न लागत नसत.

"नाही."

"बरं नाही काय?"

"बरा आहे."

"मग सांगितलासा तरी काय तिकडं?"

"नाही सांगितलं."

चंदनाने बशी उचलली, सिंकपर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "म्हणजे हरवलासा म्हणा की." देवव्रतने पेपर उघडला. पेपरमागून त्याला नळाचा आवाज ऐकू आला आणि त्या आवाजाखाली तिचं हसू, जे ती गेली कित्येक वर्षं नळाखालीच हसत आली होती.

घरात दिवसाउजेडी किती आवाज असतात हे त्याला माहीत नव्हतं. लिफ्ट बोलते, हे अर्थातच माहीत होतं. प्रत्येक मजल्यावर एक इंग्रज बाई दार उघडत असल्याचं जाहीर करते. पण ती दिवसभर इतक्या वेळा बोलते आणि त्यातलं काहीच आपल्यासाठी नसतं, हे नवीन होतं. तिसऱ्या वर्षाची मुलं इंटर्नशिपला गेलेली, त्यामुळे या आठवड्यात त्याचे तासच नव्हते. हे आधी लक्षात आलं असतं तर त्याने पुढच्या आठवड्यात हरवायचं ठरवलं असतं. फोन टेबलावर पालथा घालून ठेवला होता. कॉलेजातून एकही फोन आला नाही, आणि आला नाही याचा त्याला अभिमान वाटला. पॉलिसी पाळली जात होती. बुधवारी दुपारी तो बाल्कनीत खुर्ची टाकून बसला. खाली पार्किंग दिसत होतं. कॉलेजची पांढरी गाडी लांबोडकी आहे, ती लावायला जागा असावी, अशी त्याला उगाच काळजी लागली होती. पण कोपऱ्यात, जिथे अजिंक्यची बुलेट असायची, तिथे आज मोकळं होतं. अजिंक्य त्याच्याच डिपार्टमेंटमधला तरुण लेक्चरर, निपाणीचा. पाचव्या मजल्यावरची खोली देवव्रतनेच त्याला मिळवून दिली होती आणि चार लोकांत तसं सांगतही असे. बुलेट नाही म्हणजे गाडी नीट लागेल. देवव्रतला हा शुभशकुन वाटला.

बसल्या बसल्या त्याला आपली जुनी भाषणं आठवत राहिली, आणि ती चांगली होती. विशेषतः अंगठ्याचं. कॉलेजात हजेरीचं यंत्र बसवलं तेव्हा सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहून अंगठे देत होते आणि देवव्रत बैठकीत उभा राहिला होता. "ज्यांनी इथे उमेदीची वर्षं घातली त्यांचा अंगठा घ्यायचा?" तो म्हणाला होता. "आमच्या चर्चच्या मंडळीत परक्या पाहुण्याचं नाव विचारतात. घरच्या माणसाचं कुणी विचारत नाही. आपल्या माणसाची हजेरी घ्यायची नसते, ती धरून चालायचं असतं." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला होता. दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठ प्राध्यापकांचा अंगठा बंद झाला, आणि कितीतरी दिवस चामराजपेटेतून दोन बस बदलून येणारे म्हातारे सहकारी त्याला वाटेत थांबवून हात हातात घेत. त्या भाषणात आप्पाजींचा आवाज होता, हे त्याला तेव्हाही कळलं होतं. आप्पाजी, म्हणजे त्याचे वडील, बेळगावात कँपाच्या मागच्या एका छोट्या मराठी मंडळीचे उपदेशक होते. अंगावर काळा कोट, जो मुळात कुणा मिशनरी साहेबाचा होता आणि खांद्यांत अजूनही साहेबाचाच होता. रविवारी उपासना चालू असताना डोळे मिटून प्रार्थना करतानासुद्धा कुठल्या बाकावर कोण नाही हे त्यांना कळायचं. शेवटचं गीत संपलं, पेटीचा भाता मिटला, दारात उभं राहून प्रत्येकाला सलाम करून झाला, की सायकलचं स्टँड खटकन वर जायचं आणि आप्पाजी जो नव्हता त्याच्या घरी निघायचे. कॅरिअरवर देवव्रत. आडवी गल्ली, कौलं, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. लोक लपायचे. सकवारबाई म्हणून एक होत्या, गाणाऱ्या बायकांत पुढे कोण बसणार यावरून रुसलेल्या. त्यांनी एकदा नातवाला बाहेर पाठवून 'आजी घरात नाही म्हणतीय' असं सांगवलं होतं. आप्पाजी हसले नाहीत, रागावले नाहीत. ओट्यावर बसले आणि आत ऐकू जाईल अशा बेताने एक गीत म्हणायला लागले, आणि दुसऱ्या कडव्याला चुकीचा सूर मुद्दाम लावला. आतून सकवारबाईंचा बरोबर सूर आला. मग दार उघडलं, मग चहा आला. देवव्रतचं सगळं शास्त्र, सिंगापूर धरून, त्या एका चहातून निघालं होतं. हे तो व्याख्यानांत सांगायचा. त्याच्या पुढचं सांगायचा नाही.

गुरुवार तिसरा दिवस. देवव्रतने सकाळी दाढी केली, मग हरवलेल्या माणसाने इतकी गुळगुळीत दाढी करू नये असं वाटून जरा ओशाळला. वरच्या फळीवरचे सोनेरी कडांचे कप काढले आणि धुऊन पालथे घातले. चंदना दारात उभी राहून बघत होती.

"मेंढरू आपलं आपण कप धुवून ठेवतंय," ती म्हणाली, "हे शास्त्रात कुठं आहे वो?"

"पाहुणे कधीही येऊ शकतात."

"येतील की. करंज्या तळू काय? का करंज्या दिसल्या तर हरवल्यासारखं वाटायचं नाही?"

"चंदना, ही थट्टा नाही."

"नाहीच की," ती म्हणाली आणि एक कप उचलून उजेडात धरला. "इथं डाग ऱ्हायलाय. आणि अहो, नाही आलं कोण तर?"

नेमका तोच प्रश्न सोमवारपासून त्याच्या छातीत बसला होता, आणि तो परिषदेतल्या भाषणाचा नव्हता. त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की कुणीतरी येतं. अनेकांकडे तो स्वतः गेला होता. एकाच्या बाळंतीण बायकोला त्याने रात्रीतून दवाखान्यात नेलं होतं, एक बाई नवऱ्याच्या भीतीने येत नव्हती, तिच्या ओट्यावर तो दुपारभर बसून होता. ते खोटं नव्हतं. पण जाणारा म्हणून त्याला दाखल्याचं एकच टोक माहीत होतं. आता कुणी आलंच नाही, तर दाखला चुकीचा ठरणार नव्हता. दाखल्यातली त्याची जागा फक्त बदलणार होती. आणि तेव्हा त्याला बेळ्ळंदूरच्या एका आयटी कंपनीतली ती दुपार आठवली. काचेची खोली, खाली तुंबलेला रिंग रोड, आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलेलं, "सर, पण त्या नव्व्याण्णवांचं काय? त्यांना कोण बघतं?" सगळे हसले होते. देवव्रतही हसला होता आणि म्हणाला होता, "त्यांची काळजी करू नका. ती असतातच." टाळ्या पडल्या होत्या. उत्तम उत्तर होतं. ते आपण पुष्करच्या आधी दिलं होतं, हे कप पुसताना लक्षात आल्यावर त्याचा हात जरा थांबला, आणि मग त्याने कपाचा कान नको इतका पुसला.

बेल वाजली तेव्हा चार वाजले असतील. देवव्रत उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी चंदनाने दार उघडलं. दारात त्रिविक्रमराव होते, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं असं ते सांगत, आणि त्यांच्या मराठीत तेव्हापासून कन्नड शिरत आलेलं होतं.

"देवव्रतअण्णा, घरी आहात? बरं झालं. स्वल्प एक विचारायचं होतं," ते आत न येता म्हणाले. "तो वरचा पोरगा, अजिंक्य, तुमच्या कॉलेजातलाच की नाही? कालपासून गाडी नाही त्याची, दार पण बंद. पाण्याच्या टँकरचं सांगायचं होतं. काय झालं असेल?"

"असेल की," देवव्रत म्हणाला. त्याची नजर त्रिविक्रमरावांच्या खांद्यावरून लिफ्टकडे होती. "जाणार कुठे!"

"सरी, सरी. अक्का, येतो," म्हणून त्रिविक्रमराव गेले. त्यानंतर कुणी आलं नाही. सोनेरी कडांचे कप संध्याकाळपर्यंत पालथेच राहिले, आणि चंदनाने त्यांच्यावर पातळ टॉवेल टाकला.

तो सांगत नसे ते असं होतं. दहा वर्षांचा असताना एका रविवारी देवव्रत उपासनेला गेला नाही. मंडळीच्या देवळामागे अडगळीची खोली होती, तिथे मोडके बाक आणि नाताळच्या चांदणीचा बांबूचा सांगाडा ठेवलेला असायचा. त्या सांगाड्यात तो पाय दुमडून बसला. जुन्या खळीचा आंबूस वास, पाठीला टोचणारी बांबूची गाठ, भिंतीतून येणारी पेटी. प्रत्येक गीताला तो आणखी आक्रसून बसत होता, कारण आता आप्पांनी डोळे मिटले असतील, आता त्यांना मागच्या बाकावरची फट दिसली असेल. शेवटचं गीत झालं. सलाम, सलाम, सलाम. सायकलचं स्टँड खटकन वर गेलं. आता, असं त्याला वाटलं, आणि त्याने श्वास धरला, आणि चाकांचा आवाज खडीवरून निघाला, भिंतीच्या अगदी जवळून गेला आणि सकवारबाईंच्या गल्लीकडे वळला. कॅरिअर रिकामं असलेलं आप्पांना सायकल हलकी लागून तरी कळेल, असं त्याला बराच वेळ वाटत होतं. रात्री भाकरी खाताना त्याने स्वतःच सांगितलं, "आप्पा, आज मी नव्हतो." आप्पाजींनी घास घेतला. "होतास की," ते म्हणाले. "मागच्या बाकावर. मी बघितलो की तुला." ते खोटं बोलत नव्हते. आप्पाजी कधीच खोटं बोलले नाहीत. त्यांनी खरंच त्याला पाहिलं होतं, हे देवव्रतला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं, आणि त्याने पुढे वाद घातला नाही. यावर एक प्रबंध होऊ शकला असता. त्याने दुसऱ्या विषयावर केला.

शुक्रवारी दुपारी तो बाल्कनीत नुसताच बसला होता. वाट पाहत नव्हता, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. तेवढ्यात फाटकातून पांढरी गाडी आत आली. लांबोडकी. अजिंक्यच्या जागेत ती अगदी मापाने बसली. पुढून पुष्कर उतरला. मागून महानंदा, एचआरची अधिकारी, खानापूरची, पॉलिसीवर जिचं देवव्रतइतकंच प्रेम होतं. तिच्या हातात जाळीची पिशवी होती, आणि पिशवीत मोसंबी होती, हे तिसऱ्या मजल्यावरूनही स्पष्ट दिसत होतं. हातात फाईल नव्हती. एक दिवस उशीर झाला होता. झाला तर झाला, या शहरात पुनरुत्थानालासुद्धा ट्रॅफिक लागलं असतं. "चंदना, आले," तो आत येऊन म्हणाला, आणि त्या एका शब्दात काय होतं ते ऐकून चंदनाने टॉवेल काढला. मग गॅस पेटवला. तो वेताच्या खुर्चीत बसला. मांडीवर पुस्तक घेतलं, मिटलं. कसं सापडावं? दमलेलं असावं, पण आजारी नसावं. चेहऱ्यावर प्रश्न असावा, तक्रार नसावी. लिफ्ट निघाली. पहिला मजला. दुसरा. तिसरा आला, आणि इंग्रज बाई काहीच बोलली नाही. लिफ्ट वर गेली. मग पाचव्या मजल्यावरून, दोन जिन्यांच्या विहिरीतून गाळून आलेला, तिचा आवाज ऐकू आला: दार उघडत आहे.

मजला चुकला, हे उघड होतं. पुष्कर एकदाच घरी आला होता, तोही रात्री. देवव्रत थोडा वेळ थांबला. वरून बेलचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, भलत्याच दारावर. शेवटी तो उठला, घरातल्या चपला घातल्या आणि जिना चढू लागला. मेंढराने मेंढपाळाला रस्ता दाखवायला जावं, यात शास्त्राला धरून काही नव्हतं, पण चहा उकळत होता. शेवटचं वळण घेऊन तो वर आला तेव्हा पुष्कर आणि महानंदा अजिंक्यच्या दारासमोर उभे होते. दोघे वळले. पुष्करचा चेहरा एकदम उजळला. इतका निर्भेळ आनंद देवव्रतने त्याच्या चेहऱ्यावर परिषदेतली नावं सांगतानाही पाहिला नव्हता.

"सर! तुम्ही आधीच इथे?"

"मी..." देवव्रत म्हणाला.

"बघा मॅडम, आपण गाडी मागवतोय, मोसंबी घेतोय, आज तिसरा दिवस म्हणून पॉलिसी बघतोय, आणि सर काहीही न सांगता येऊन पोचले! घरच्या चपलांवर!"

"सर, किती वेळ झाला तुम्हाला येऊन?" महानंदाने विचारलं. तिचे डोळे खरोखर भरले होते. "आम्हाला बुधवारपासून काळजी, अजिंक्य येत नाही, काय कळवत पण नाही. पण मी म्हटलेच पुष्करसरांना, सर त्याच बिल्डिंगमध्ये आहेत, सर बघतीलच."

"नाही, म्हणजे मी तसा मंगळवारपासून..." देवव्रत म्हणाला.

"मंगळवारपासून!" पुष्कर म्हणाला. "म्हणजे तो जायच्या आधीच तुम्हाला ओळखू आलं होतं! सर, हे तुम्ही कुठे शिकवत नाही, हे शिकवायला हवं. मॅडम, एक फोटो. नाही सर, असेच, दाराकडे बघत."

आणि तिथे, पाचव्या मजल्यावर, बंद दाराच्या भोकाकडे बघत उभा असताना, देवव्रतला खरं सांगायला भरपूर वेळ होता. महानंदाला फोनमध्ये चौकट नीट जमत नव्हती. तो सांगू शकला असता की मी कुणाला शोधायला आलेलो नाही, मी खाली कप पालथे घालून बसलो होतो. पण त्याच्या आत दुसरंच काही उठत होतं, पायांच्या तळव्यांपासून, गरम आणि जुनं. कोट खांद्यांत ढगळ होता तरी कोट होता. आपल्याला कुणी शोधायला येणार नाही, कारण आपण हरवू शकतो ही कल्पनाच या लोकांना करता येत नाही. ही काय लहान गोष्ट आहे? किती माणसांच्या वाट्याला येतं हे? आप्पाजींच्या वाट्याला आलं होतं. आप्पाजी आले नाहीत तर कोण जाणार होतं, कुणाची सायकल होती? त्याने हात उचलला आणि बेल न वाजवता दारावर दोन बोटांनी हळू टकटक केली. "अजिंक्य," तो म्हणाला, "मी आहे रे." आवाज सुरेख लागला. महानंदाने पदर डोळ्यांना लावला. दाराआड कुणी नव्हतं, हे त्याला पहिल्या टकटकीलाच कळलं. त्रिविक्रमरावांना ते कालच कळलं होतं. तरीही तो तिथे, व्याख्यानात सांगत आला होता तसा, पुरेसा वेळ थांबला.

महानंदाचा फोन तेवढ्यात वाजला. तिने वाचलं आणि पदर खाली केला. अजिंक्यचा मेल होता. तो बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत बुधवारी रुजू झाला होता, तिकडेच राहायला गेला होता, गडबडीत कळवायचं राहिलं त्याबद्दल दिलगीर होता. "खुशाल आहे तर," पुष्कर म्हणाला. सापडलेलं मेंढरू पगारवाढ घेऊन दुसऱ्या कळपात असेल तर काय करायचं, हे पॉलिसीत नव्हतं. चहा खाली तयार होता, पण पुष्करला चारची मीटिंग होती. महानंदाने मोसंब्यांची पिशवी देवव्रतच्या हातात दिली. "परत कशाला न्यायची सर? तुम्हीच घ्या. तुम्हाला किती त्रास."

लिफ्टपाशी त्याने, आवाजात काही येऊ न देता, म्हटलं, "महानंदा, माझी या आठवड्याची रजा तेवढी लावून टाक."

"तुमची कसली रजा सर?" ती लिफ्टमध्ये शिरत म्हणाली. "तुम्ही हजर आहात की!" आणि इंग्रज बाईने दार मिटत असल्याचं सांगितलं.

चंदनाने सोनेरी कपात दोन चहा ओतले होते. पिशवी पाहून तिने विचारलं, "सापडलासा काय?"

"अजिंक्यला शोधायला गेलो होतो," देवव्रत म्हणाला.

तिने एक मोसंबं हातात घेऊन दाबून बघितलं आणि सुरी आणायला गेली. संध्याकाळी फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला. देवव्रत दाराकडे बघतोय, केस पंख्याने विस्कटलेले, पायांत घरच्या चपला. खाली लोकांनी हात जोडले होते, अध्यक्षांनीसुद्धा. परिषदेचं उद्घाटनाचं भाषण देवव्रतने करावं, असं पुष्करने रात्री कळवलं, आणि विषय काय द्यायचा ते देवव्रतने लगेच सांगितलं. सोमवारी तो कॉलेजात गेला तेव्हा कॉरिडॉरमध्ये दोघांनी वाट सोडून त्याला पुढे जाऊ दिलं.

ज्येष्ठ प्राध्यापकांचा अंगठा बंद केल्यापासून त्यांची हजेरी यंत्र रोज सकाळी आपोआप लावत असे. रविवार आणि दुसरा शनिवार सोडून.